७३ चेंडूंनंतर

२८ ऑक्टोबर २०२०ची सकाळ. घरूनच काम चालू होतं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात टेक्ससमधल्या आर्लिंग्टनची मॅच लावली होती. तिथे अजून २७ची रात्र होती. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टॅम्पा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेज १-० पुढे, पण सिरीजमध्ये ३-२ मागे. हरले की घरी.

रेजचा पिचर ब्लेक स्नेल त्या दिवशी अंगात आल्यासारखा टाकत होता. ९ स्ट्राइकआउट, हिट फक्त २, चेंडू झाले ७३. सहाव्या इनिंगमध्ये एक गडी बाद असताना दुसरी हिट बसली, तीही साधी सिंगल. आणि मॅनेजर केविन कॅश डगआउटमधून बाहेर आला. त्याला बघताच स्नेलच्या तोंडून शिवी निघाली. ती ऐकायला आवाजाची गरज नव्हती, ओठ दिसत होते. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला पिचर परत येत नाही. आपल्यासारखं ‘दोन ओव्हरनंतर पुन्हा देतो’ नाही.

माझ्या टीममधला टॅम्पाचा एक सहकारी चॅटवर होता. त्याने नुसतं ‘नाही’ लिहिलं. मग पुन्हा ‘नाही’.

पुढचं बघता बघता झालं. निक अँडरसन आला, मुकी बेट्सने त्याला डबल मारला, मग एक वाइल्ड पिच, मग कोरी सीगरचा ग्राउंडर, आणि डॉजर्स २-१. शेवटी ३-१. डॉजर्सना १९८८नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं. आणि चाहत्यांचा निकाल रात्रीतच लागला: कॉम्प्युटरने वर्ल्ड सिरीज घालवली.

मला हा निकाल पटत नाही. पण चाहते चुकले असंही म्हणवत नाही. ही टीका वाचायची तर तिचे दोन तुकडे करावे लागतात.

पहिला तुकडा सोयीचा आहे. दहाच दिवस आधी, ह्यूस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात, कॅशने चार्ली मॉर्टनला ६६ चेंडूंवर काढलं होतं. एकही रन दिलेला नसताना. तेव्हाही आत आला तो अँडरसनच. रेज जिंकले, आणि तोच कॅश धाडसी ठरला. उलटं उदाहरण २००३चं. बॉस्टनच्या ग्रेडी लिटलने थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्ये ठेवलं, ५-२ची आघाडी गेली, सामना यँकीजनी नेला. लिटलचं कंत्राट त्याच महिन्यात संपलं. एकाने काढलं म्हणून शिव्या, एकाने ठेवलं म्हणून. ‘मनीबॉल’ पुस्तकही २००३चंच. त्यावरच्या सिनेमात आकडे न ऐकणारा मॅनेजर खलनायकाच्या जवळ जातो, आणि आपण थिएटरात आकडेवाल्यांच्या बाजूने टाळ्या वाजवतो. मी तर तो सिनेमा बघूनच डेटाच्या प्रेमात पडलो.

दुसरा तुकडा मात्र टोचतो. माझ्या सहकाऱ्याचं ‘नाही’ डबल बसण्याआधीचं होतं. त्याला निकाल माहीत नव्हता. मग त्याला काय दिसलं?

कॅशचा हिशोब असा: एकाच पिचरला बॅटर तिसऱ्यांदा भेटतो तेव्हा तो जास्त चांगला खेळतो. हे खरं आहे, वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून आलेलं. स्नेलने त्या अख्ख्या मोसमात एकदाही सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या, हेही खरं. पण हा नियम पहिल्या फेरीतल्या स्नेलची तुलना तिसऱ्या फेरीतल्या स्नेलशी करतो. त्या रात्रीचा प्रश्न वेगळा होता: तिसऱ्या फेरीतला स्नेल की आजचा अँडरसन? अँडरसनने आधीच्या सलग सहा सामन्यांत रन दिले होते. पुढचे तीन बॅटर, बेट्स, सीगर आणि टर्नर, स्नेलसमोर सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. सहा हा आकडा लहान आहे, मान्य. पण आकडाच आहे ना तोही! कॅशने आकडे ऐकले ही तक्रार चुकीची. अर्धेच ऐकले, ही खरी. बेट्सने नंतर सांगितलं की स्नेलला का काढलं हे त्याला कळलं नाही, आणि तो विचारायलाही जाणार नव्हता.

हे मी तावातावाने लिहितोय कारण मी हेच केलंय. एरर ठरावीक टक्क्यापुढे गेले की नवी आवृत्ती आपोआप मागे घ्यायची, असा नियम मी एका नोकरीत लिहिला होता. एका रात्री ड्युटीवरची मैत्रीण म्हणाली, थांब, हे एरर निरुपद्रवी आहेत. मी म्हटलं, नियम आहे. नवी आवृत्ती मागे गेली. जुनी नव्या डेटाबेसवर चालतच नव्हती. मी नवीचे एरर मोजले होते, तिच्या जागी येणारीचे नाही. पहाटे चारपर्यंत निस्तरत बसलो, आणि ती एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दोन आठवड्यांनी कॅशला अमेरिकन लीगचा ‘मॅनेजर ऑफ द इयर’ मिळाला. मतं प्लेऑफ सुरू होण्याआधीच पडली होती. मी ती बातमी सहकाऱ्याला पाठवली. त्याने उत्तर दिलं नाही.