दहाव्या पानावरील निवेदन : एक परीक्षण

२६ मे २००४ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स' या अमेरिकन दैनिकाने आपल्या अंकाच्या आतील दहाव्या पानावर संपादकांचे एक निवेदन छापले. इराककडील तथाकथित महासंहारक शस्त्रांविषयी या दैनिकाने आक्रमणापूर्वी व आक्रमणाच्या प्रारंभकाळात जे वृत्तांत दिले, त्यांपैकी काही पुरेशा कसोशीने लिहिले गेले नव्हते, अशी कबुली त्यात होती. वृत्तपत्रांचा पक्षपात आणि राष्ट्राचे परराष्ट्रधोरण यांच्या संबंधावर ग्रंथरचना पुष्कळ झाली आहे. परंतु एखाद्या पत्राने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला असा कबुलीजबाब विरळाच. म्हणूनच ते निवेदन एक संहिता या नात्याने तपासण्याजोगे आहे.

निवेदनात निर्देशिलेल्या वृत्तांतांपैकी सर्वांत परिणामकारक ठरला तो रविवार, ८ सप्टेंबर २००२ चा. मायकेल गॉर्डन व ज्युडिथ मिलर यांनी लिहिलेला हा वृत्तांत पहिल्या पानावर होता. गेल्या चौदा महिन्यांत इराकने खास बनावटीच्या हजारो ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळविण्याचा प्रयत्न केला असून, युरेनियमचे समृद्धीकरण करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांसाठी त्या असाव्यात असे अमेरिकन अधिकाऱ्यांना वाटते, हा त्याचा गाभा. हे अधिकारी कोण, ते लिहिलेले नाही. धडधडीत पुराव्याची वाट पाहत बसल्यास तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानेच पुढे येईल, हा युक्तिवादही निनावी अधिकाऱ्यांच्याच तोंडी घातलेला आहे.

त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी 'मीट द प्रेस' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आले. गुप्त माहितीविषयी आपण बोलू शकत नाही, परंतु नळ्यांची गोष्ट आता उघड झालेली आहे, असे म्हणून त्यांनी आधार दिला तो सकाळच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'चा! दुसऱ्या वाहिनीवर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राइस यांनी त्या नळ्या अणुशस्त्रांखेरीज इतर कशास फारशा उपयोगी नाहीत असे सांगितले आणि अणुस्फोटाच्या ढगाची तीच उपमा वापरली. महिनाभराने, ७ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सिनसिनाटी येथील भाषणात नळ्याही आल्या आणि तो ढगही आला.

हस्तलिखितांवर काम करणाऱ्यास हा प्रकार ओळखीचा वाटेल. दहा पोथ्यांत एकच पाठ आढळला म्हणून तो दहा साक्षींनी सिद्ध होत नाही. त्या दहाही एका आदर्शप्रतीवरून उतरविलेल्या असतील तर साक्ष एकच राहते. येथे शासनाने सांगितले, वृत्तपत्राने छापले आणि शासनाने वृत्तपत्राकडे बोट दाखविले. ऐकणाऱ्यास दोन साक्षी दिसल्या. प्रत्यक्षात साक्षीदार एकच होता, आणि त्यास युद्ध हवे होते.

वृत्तांताच्या शीर्षकात 'अमेरिकेचे म्हणणे' असा स्पष्ट निर्देश होता, हेही नोंदविले पाहिजे. म्हणजे शब्दशः पाहता वृत्त खोटे नव्हते. शासनाचे म्हणणे खरोखरच तसे होते. पालीत 'किर' हा निपात ऐकीव गोष्ट दर्शवितो. भाषांतरकाराच्या हातून तो निसटला की 'असे म्हणतात' याचे 'असे आहे' होऊन बसते. वृत्तपत्राच्या पहिल्या पानाचा गुण असा की छापलेला 'किर'ही तेथे वाचकाच्या डोळ्यांस दिसत नाही. पक्षपातासाठी असत्याची गरज नसते. जागा, मथळ्याचा आकार आणि कोणाचे म्हणणे आधी, कोणाचे नंतर, एवढ्याने काम भागते.

आणि पाठभेद तर उपलब्ध होता. सेंट्रिफ्यूज यंत्रांचे खरे ज्ञान असलेल्या अमेरिकन ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना नळ्यांचा तो अर्थ मान्य नव्हता. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागासही नव्हता. या मतभेदाची चाहूल 'टाइम्स'च्या वाचकांना पाच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, आतील पानावरील एका मोठ्या वृत्तांताच्या पोटात लागली. जानेवारी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल् बरादेई यांनी त्या नळ्या ८१ मिलिमीटरच्या रॉकेटांसाठी असल्याचे दिसते, असे सांगितले. ९ जानेवारीची याविषयीची बातमी 'टाइम्स'ने दहाव्या पानावर छापली. ती कदाचित पहिल्या पानावर असावयास हवी होती, असे निवेदन आता म्हणते. परंतु हे म्हणणारे निवेदनही दहाव्याच पानावर छापलेले आहे. या योगायोगावर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो.

निवेदनात मौन कोठे आहे, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. त्यात एकाही वार्ताहराचे नाव नाही. दोष एकट्या-दुकट्या वार्ताहराचा नसून गुंतागुंतीचा होता, अनेक पातळ्यांवरील संपादकांनी अधिक शंका घ्यावयास हवी होती, असा त्याचा सूर. हे म्हणणे चुकीचे नाही. परंतु याच दैनिकाने वर्षभरापूर्वी, ११ मे २००३ रोजी, जेसन ब्लेअर या तरुण वार्ताहराने रचलेल्या खोट्या बातम्यांचा प्रदीर्घ वृत्तांत पहिल्या पानापासून सुरू करून, नावानिशी, तारीखवार दिला होता. ब्लेअरच्या लबाडीने कोणत्याही देशावर सैन्य गेले नव्हते. इराकच्या प्रकरणात 'गुंतागुंत' हा शब्द पुरेसा झाला. स्वतःच्या घरातील लहान चोर पकडताना जी उमेद होती ती शासनाशी असलेल्या घरोब्याची चिकित्सा करताना का ओसरली, याचे उत्तर निवेदनात नाही.

पक्षपात म्हटला की आपण अग्रलेख उघडतो. या पत्राचा अग्रलेख-विभाग मार्च २००३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा व्यापक पाठिंबा नसताना युद्ध करू नये, अशा मताचा होता. म्हणजे मताचे पान युद्धाच्या विरुद्ध आणि बातमीचे पान युद्धाला सामग्री पुरविणारे. तेव्हा हा पक्षपात उजवा की डावा, हा वाद येथे निरर्थक होय. उच्चपदस्थांपर्यंत पोहोच असणे हेच ज्ञान होय, अशी समजूत या पक्षपाताच्या मुळाशी होती. २१ एप्रिल २००३ च्या मिलर यांच्या वृत्तांतात तिचे टोक दिसते. युद्धाच्या तोंडावर रासायनिक शस्त्रे नष्ट केली गेली, असे सांगणाऱ्या एका इराकी शास्त्रज्ञाचा तो वृत्तांत. लेखिकेची त्याच्याशी भेट झालेली नव्हती; लष्कराने तिला तो लांबून दाखविला, आणि मजकूर छापण्यापूर्वी लष्करी अधिकाऱ्यांच्या नजरेखालून गेला.

सर्वांनाच फसविले गेले, हा बचाव टिकत नाही. नाइट रिडर वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे व वॉरन स्ट्रोबेल यांनी ६ सप्टेंबर २००२ रोजी, म्हणजे नळ्यांच्या वृत्ताच्या दोन दिवस आधी, ठोस पुरावा नसल्याने काही वरिष्ठ अधिकारीच अस्वस्थ असल्याचे लिहिले होते. त्यांनी मंत्र्यांऐवजी खालच्या श्रेणीतील जाणकारांना विचारले. परंतु त्या समूहाचे स्वतःचे दैनिक वॉशिंग्टनमध्ये निघत नव्हते, आणि जे राजधानीत सकाळी वाचले जात नाही ते तेथे घडलेलेही नसते! 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये वॉल्टर पिंकस यांचा शंका घेणारा लेख आला तो १६ मार्च २००३ रोजी, सतराव्या पानावर. २० मार्चला युद्ध सुरू झाले.

युद्ध वृत्तपत्रांनी घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. शासनाचा कल आधीच ठरलेला होता. तथापि अमेरिकन संविधानाप्रमाणे युद्धाचा अधिकार काँग्रेसकडे आहे. प्रतिनिधिगृहाने १० ऑक्टोबर २००२ रोजी २९६ विरुद्ध १३३ आणि सेनेटने दुसऱ्या दिवशी ७७ विरुद्ध २३ मतांनी राष्ट्राध्यक्षांस अनुज्ञा दिली. गुप्तवार्ता खात्यांचा संपूर्ण अहवाल, ज्यात नळ्यांविषयीची भिन्नमते नोंदलेली होती, फारच थोड्या सदस्यांनी वाचला. पहिले पान मात्र सर्वांनी वाचलेले होते. त्या युद्धात व त्यामागोमाग माजलेल्या हिंसाचारात लाखाहून अधिक इराकी नागरिक आणि सुमारे साडेचार हजार अमेरिकन सैनिक प्राणास मुकले. इराकचा अणुकार्यक्रम १९९१ मध्येच थांबला होता, असा निष्कर्ष खुद्द अमेरिकेच्या शोधपथकाने २००४ च्या अहवालात काढला.

निवेदनानंतर चार दिवसांनी त्या दैनिकाचे लोकसंपादक डॅनियल ओक्रेंट यांनी स्वतंत्र लेख लिहिला. बातमी प्रथम आपणच द्यावी ही हाव, पहिल्या पानाचा सोस आणि सूत्रांना पाठीशी घालण्याची सवय ही त्यांनी सांगितलेली कारणे निवेदनापेक्षा कितीतरी स्पष्ट आहेत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला 'टाइम्स'ने नळ्यांचा समग्र इतिहास शोधून छापला. ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचे आक्षेप त्यात सविस्तर आले. हे आक्षेप सरकारी दप्तरात २००१ सालापासून नोंदलेले होते. हा वृत्तांत मात्र पहिल्या पानावर आला. तोवर युद्ध सुरू होऊन दीड वर्ष उलटले होते.