तक्त्यातलं शेवळ आणि ताटातलं शेवळ

रानभाज्यांवरचे शोधनिबंध वाचायला घेतलेत ना? मग तो ठरावीक तक्ता तुम्ही पाहिलाच असेल. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, वापरला जाणारा भाग, उपयोग. शेवळासमोर लिहिलेलं असतं: अमॉर्फोफॅलस कम्युटेटस, ॲरेसी, फुलोरा, भाजी. यात चूक काहीच नाही. पण एवढ्यावर विसंबून कुणी भाजी केली, तर घसा खाजून हैराण होईल.

शेवळ सुरणाच्या कुळातलं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात-घशात टोचतात. म्हणून ठाणे, पालघर, रायगडकडे बायका मधल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाच्या आंबट फळांचा रस घालतात. (काकड म्हणजे काकडी नव्हे, गरुगा पिनाटा हा वृक्ष.) पावसाच्या सुरुवातीला बाजारात शेवळाच्या जुड्यांशेजारी काकडं मांडलेली दिसतात. म्हणजे इथे उपयोग एका वनस्पतीचा नाही, जोडीचा आहे. तक्ता ही जोडीच तोडतो.

मग येतात निर्देशांक. उदाहरणार्थ, उल्लेखांची सापेक्ष वारंवारता. समजा, 50 पैकी 40 जणांनी शेवळाचं नाव घेतलं, तर 0.8. छान दिसतं! पण त्या 40 जणांपैकी किती जणांना ते खाज न येता शिजवता येतं? आकडा ते सांगत नाही. शिजवण्याची रीत गावातून गेली आणि नाव तेवढं उरलं, तरी तो 0.8 च राहील. आणि आपण निष्कर्षात लिहू, 'पारंपरिक ज्ञान टिकून आहे.'

माझ्या पहिल्या तक्त्यातही मी 'भाजी' एवढंच लिहिलं होतं. बाजारात नुसतं शेवळ घेऊन निघाले, तेव्हा विकणाऱ्या मावशींनी हटकलं, "काकडं नाही घेतलीस? मग खाणार कशी?" माझ्या प्रश्नावलीत नसलेला प्रश्न त्यांनी विचारला.

तेव्हा फील्डवर जाण्याआधी तक्त्यात चार रकाने वाढवा: कधी तोडतात, काय टाकून देतात, कशाबरोबर शिजवतात, कुणाकडून शिकले. जमलं तर शिजवताना शेजारी बसा. निर्देशांक नंतर काढता येतो. न विचारलेला प्रश्न घरी येऊन विचारता येत नाही.