ईकिन्स, टॉमस

(२५ जुलै १८४४ – २५ जून १९१६). अमेरिकन वास्तववादी चित्रकार, छायाचित्रकार व कलाशिक्षक. जन्म व मृत्यू फिलाडेल्फिया येथे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन व्यक्तिचित्रणात त्याचे स्थान आज अग्रभागी मानले जाते. तथापि व्यक्तिचित्रकार या व्यवसायाचा रूढ अर्थ घेतला, तर तो त्यात जवळजवळ अयशस्वीच ठरला. त्याने रंगविलेल्या व्यक्तिचित्रांपैकी फारच थोडी मागणीवरून, मोबदला घेऊन केलेली आहेत. बहुतेक चित्रांसाठी त्यानेच मित्रांना, विद्यार्थ्यांना व परिचितांना समोर बसण्याची गळ घातली आणि पूर्ण झालेले चित्र अनेकदा त्यांनाच भेट दिले. भेट मिळालेले चित्र पुष्कळांना आवडले नाही; काहींनी ते भिंतीवर लावलेही नाही. या उलट्या व्यवहारातच त्याच्या कलेचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही सामावलेली आहेत.

फिलाडेल्फियाला व्यक्तिचित्रणाची जुनी परंपरा होती. चार्ल्स विल्सन पील, गिल्बर्ट स्ट्यूअर्ट व टॉमस सली यांनी तेथे काम केले होते. सलीने तर दीर्घकाळ त्या शहरातील प्रतिष्ठितांना आपल्या कुंचल्याने सौम्य, लोभस रूप दिले. चेहरा ओळखू यावा, पण मूळ चेहऱ्यापेक्षा किंचित उजळ असावा, असा एक अलिखित करार चित्रकार व गिऱ्हाईक यांच्यात अशा चित्रांमागे असे. ईकिन्सवरील संस्कार निराळे होते. त्याचे वडील बेंजामिन हे सुलेखनाचे शिक्षक. हाताची अचूकता ही त्या घरात उपजीविकेची बाब होती. फिलाडेल्फियाच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये तो यांत्रिक आरेखन व यथादर्शन शिकला. पुढे पेनसिल्व्हेनिया ॲकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये चित्रकलेचे व जेफर्सन मेडिकल कॉलेजमध्ये शारीराचे शिक्षण त्याने घेतले. १८६६ मध्ये तो पॅरिसला गेला व एकोल दे बोझारमध्ये झां लेआँ झेरोम याच्या हाताखाली शिकला. काही काळ लेआँ बॉना याच्याकडेही त्याने धडे घेतले. परंतु त्याला खरी दिशा मिळाली ती १८६९-७० च्या स्पेनमधील मुक्कामात. माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात व्हेलास्केथ व रिबेरा यांची चित्रे पाहताना त्याला आपल्या मार्गाची खूण पटली. गडद पार्श्वभूमी, तीतून हळूहळू वर येणारा देह आणि सजावटीस दिलेला नकार ही त्याच्या उत्तरकालीन चित्रांची लक्षणे तेथूनच आलेली आहेत. जुलै १८७० मध्ये तो मायदेशी परतला. त्यानंतर तो पुन्हा यूरोपला गेला नाही. माउंट व्हर्नन स्ट्रीटवरील वडिलांचे घर हेच अखेरपर्यंत त्याचे घर राहिले.

आरंभीच्या काळात त्याने स्कूलकिल नदीवरील नौकाविहाराची व घरातील प्रसंगांची चित्रे रंगविली. मॅक्स श्मिट इन अ सिंगल स्कल (१८७१) हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. अशा चित्रांसाठी तो यथादर्शनाची काटेकोर रेखाटने करी. पाण्यातील प्रतिबिंब किती लांब पडेल, वल्ह्याचा कोन किती असेल, याचे गणित मांडी. ही चित्रे वरवर क्रीडाचित्रे असली, तरी त्यांतही व्यक्तीला तिच्या कामातून, तिच्या कौशल्यातून ओळखण्याची त्याची रीत दिसते.

या रीतीचा परमोत्कर्ष म्हणजे द ग्रॉस क्लिनिक (१८७५) हे सु. २४४ × १९८ सेंमी. आकाराचे भव्य तैलचित्र. जेफर्सन मेडिकल कॉलेजच्या व्याख्यानगृहात वयोवृद्ध शल्यचिकित्सक सॅम्युएल ग्रॉस मांडीच्या हाडाचा सडलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया करीत आहेत. हे चित्र कोणी मागितले नव्हते. तिशीतील चित्रकाराने ते स्वतःच्या हिंमतीवर हाती घेतले होते. वरून येणारा प्रकाश मुख्यतः दोन ठिकाणी थांबतो : ग्रॉस यांच्या विशाल कपाळावर आणि शस्त्र धरलेल्या त्यांच्या रक्ताळलेल्या बोटांवर. रुग्णाचे तोंड दिसत नाही. दिसते ती उघडी मांडी व पायांतले मोजे. शेजारी बसलेली, बहुधा रुग्णाची आई असलेली स्त्री हात वाकडे करून चेहरा झाकून घेते. ग्रॉस मात्र क्षणभर शस्त्रक्रियेपासून वळून विद्यार्थ्यांकडे पाहतात. एकीकडे असह्य वेदना व दुसरीकडे शांत विचार यांना एकाच चौकटीत आणताना चित्रकाराने कोणतीही मध्यस्थी केलेली नाही. रेम्ब्रँटच्या शवविच्छेदनाच्या चित्राशी याची तुलना नेहमी केली जाते. तेथे टेबलावर प्रेत आहे, येथे जिवंत मनुष्य आहे, आणि हा फरक लहान नाही. चित्राच्या उजव्या कडेला अंधारात बसून टिपण करणारा ईकिन्स स्वतःही दिसतो.

१८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनाच्या कलाविभागाने हे चित्र नाकारले व ते लष्करी रुग्णालयाच्या दालनात, खाटा व वैद्यकीय साहित्य यांच्या सान्निध्यात लावले गेले. १८७८ मध्ये जेफर्सन मेडिकल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी ते २०० डॉलरला विकत घेतले. न्यूयॉर्कमध्ये १८७९ साली ते प्रदर्शित झाले, तेव्हा ते रक्ताचे प्रदर्शन आहे अशी टीका झाली. टीकाकारांना रक्ताची शिसारी आली, हे समजण्यासारखे आहे. पण एका नामवंत पुरुषाचे व्यक्तिचित्र त्याला बैठकीच्या खोलीत न बसविता त्याच्या कामाच्या ऐन क्षणी पकडते, ही त्यांची खरी अडचण असावी. लगेच आलेला दुसरा अनुभवही असाच होता. १८७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या युनियन लीगने राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेझ यांचे व्यक्तिचित्र त्याच्याकडून करवून घेतले. त्याने राष्ट्राध्यक्षांना साध्या कोटात, टेबलाशी काम करताना दाखविले. ते चित्र रुचले नाही. थोड्याच काळात ते हलविण्यात आले व पुढे नाहीसे झाले.

चित्रकार म्हणून उपेक्षा होत असताना शिक्षक म्हणून त्याचा प्रभाव वाढत होता. १८७६ पासून तो पेनसिल्व्हेनिया ॲकॅडमीत शिकवू लागला व १८८२ मध्ये तेथील कलाशाळेचा संचालक झाला. पुतळ्यांच्या प्रतिकृती वर्षानुवर्षे रेखाटत बसण्याऐवजी विद्यार्थ्यांनी थेट जिवंत देह अभ्यासावा, शवविच्छेदन पाहावे आणि कोळशाने रेखाटण्यात वेळ न घालविता आरंभापासून कुंचला हाती घ्यावा, असा त्याचा आग्रह असे. हेन्री ओसावा टॅनर हा पुढे ख्यातनाम झालेला कृष्णवर्णीय चित्रकार त्याचाच विद्यार्थी. १८८६ च्या आरंभी विद्यार्थिनींच्या वर्गात पुरुष-मॉडेलचे कटिवस्त्र काढल्यावरून वादळ उठले व फेब्रुवारीत त्याला राजीनामा द्यावा लागला. ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमधील त्याची व्याख्यानेही १८९५ मध्ये अशाच कारणाने थांबली.

या घटनेनंतर त्याने मुख्यतः व्यक्तिचित्रेच रंगविली, आणि त्याचे सर्वश्रेष्ठ काम याच कालखंडातील आहे. द ॲग्न्यू क्लिनिक (१८८९) हे चित्र मात्र मागणीवरून झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गुरूसाठी ७५० डॉलर देऊन ते करवून घेतले. ग्रॉस यांच्या चित्रातील काळे कोट येथे पांढऱ्या वस्त्रांत बदलले आहेत, कारण मधल्या चौदा वर्षांत निर्जंतुक शस्त्रक्रियेची पद्धती रूढ झाली होती. वैद्यकाच्या इतिहासासाठी ही जोडी अमोल आहे. चित्र म्हणून मात्र पहिले अधिक घनदाट. दुसऱ्यात गर्दी आहे आणि नाट्य विखुरलेले आहे.

कवी वॉल्ट व्हिटमन याचे व्यक्तिचित्र (१८८७-८८) हे त्याच्या दुर्मिळ यशांपैकी एक, कारण ते खुद्द बसणाऱ्यालाच आवडले. इतर चित्रकारांनी व्हिटमनला ऋषितुल्य केले होते. ईकिन्सने रंगविला तो थकलेला, आजारी, तरीही मिस्कील म्हातारा. द कॉन्सर्ट सिंगर (१८९०–९२) या चित्रात गायिका वीडा कुक गाण्याच्या ऐन स्वरात उभी आहे. गळ्याचे व तोंडाचे स्नायू नेमके कसे हालतात हे पाहण्यासाठी तो तिला मेंडेल्सझोनच्या एका रचनेतील तोच भाग पुनःपुन्हा गायला लावी. त्या गीताचे स्वर त्याने चौकटीवर कोरले. संगीतनियोजकाचा केवळ हात व त्यातील छडी खालच्या कोपऱ्यात दिसते. चित्र पुरे होण्यापूर्वीच गायिकेने येणे थांबविले. भौतिकीविज्ञ हेन्री रोलंड याच्या व्यक्तिचित्राची (१८९७) चौकटही अशीच आहे : तीवर वर्णपटाच्या रेषा व सूत्रे कोरलेली आहेत. माणसाचे काम त्याच्या चेहऱ्याइतकेच त्याचे असते, ही त्याची धारणा येथे चौकटीपर्यंत पोहोचली आहे. हे थोडे अतिरेकी वाटते खरे, परंतु त्यात एक बालसुलभ निष्ठाही आहे.

याहून खोल आहेत ती कोणतेही काम न करणाऱ्या माणसांची चित्रे. मिस ॲमिलिया व्हॅन ब्यूरेन (सु. १८९१) ही त्याची विद्यार्थिनी कोरीव खुर्चीत कलून, मस्तक हातावर टेकून, उजेडाकडे पाहत बसली आहे. वेश गुलाबी, नक्षीदार. चेहरा मात्र त्या वेशाशी संबंध नसल्यासारखा. द थिंकर (१९००) मध्ये लुइस केन्टन काळ्या पोशाखात, खिशात हात घालून, खाली पाहत रिकाम्या जागेत उभा आहे. पार्श्वभूमीवर सांगण्यासारखे काही नाही. बुटांभोवतीची जमीन व पोशाखावरच्या सुरकुत्या एवढ्यांतून मनाचा भार व्यक्त होतो. पियानोवादिका एडिथ मेहन हिच्या व्यक्तिचित्रातील (१९०४) ओलसर डोळे व शिणलेले मुख पाहणाऱ्याला सहजी सोडत नाहीत. तिला स्वतःला ते चित्र आवडले नव्हते. याच सुमारास तो रविवारी सायकलवरून ओव्हरब्रुक येथील सेंट चार्ल्स बोरोमिओ धर्मशाळेत जाई व तेथील कॅथलिक धर्मगुरूंना रंगवी. तो स्वतः श्रद्धाळू नव्हता. या माणसांचे एकाकी, विद्याव्यासंगी जीवन त्याला ओढून घेत असावे.

आता मर्यादेविषयी. ईकिन्सच्या चित्रांतील माणसे बहुधा आपल्या वयापेक्षा वृद्ध, आपल्या स्वभावापेक्षा उदास दिसतात. छायाचित्रांशी ताडून पाहिले असता ही गोष्ट उघड होते. व्हॅन ब्यूरेन ही तर ऐन तिशीतली स्त्री होती. तेव्हा त्याने केवळ सत्य रंगविले, हे त्याच्या चाहत्यांचे आवडते विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. गिऱ्हाइकाने पैसे दिले, तर चेहरा गिऱ्हाइकाच्या मर्जीचा होतो. चित्रकारानेच विनवून बसविले, तर तो चित्रकाराच्या मर्जीचा होण्याचा संभव असतो. ॲकॅडमीतून बाहेर पडल्यानंतरच्या वर्षांतील स्वतःची खिन्नता त्याने समोरच्या अनेक चेहऱ्यांवर वाटून दिली, असे म्हणण्यास जागा आहे. त्याचा समकालीन जॉन सिंगर सार्जंट याच्या कुंचल्यात जे चैतन्य व वेग आहे, तो येथे नाही. रंगही बरेचदा मंद, तपकिरी. आणि तरीही सार्जंटच्या चित्रातील माणसे आपण समारंभात भेटल्यासारखी भेटतात, तर ईकिन्सची माणसे समारंभ संपून घर रिकामे झाल्यावर. हा फरक कौशल्याच्या कमी-अधिकपणाने उलगडत नाही. शारीर व यथादर्शन यांचा जो खटाटोप आरंभी केवळ अचूकपणासाठी होता, त्याचेच उत्तरकाळात एक निराळे फळ मिळाले : देहाला खरे वजन आले आणि त्या वजनातून मनही जाणवू लागले.

मान्यता उशिरा व कंजूषपणे मिळाली. १९०२ मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ डिझाइनने त्याला सदस्यत्व दिले. १९०४ मध्ये आर्चबिशप एल्डर यांच्या व्यक्तिचित्राबद्दल ज्या पेनसिल्व्हेनिया ॲकॅडमीने त्याला काढले होते तिनेच सुवर्णपदक दिले. ते घेण्यास तो सायकलस्वाराच्या पोशाखात गेला व तडक टांकसाळीत जाऊन त्याने ते मोडले, असे सांगितले जाते. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचे स्मृतिप्रदर्शन भरले. त्याची पत्नी, चित्रकर्त्री सूझन मॅकडॉवेल, हिने पुढे त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह फिलाडेल्फियातील कलासंग्रहालयास दिला. १९३३ मध्ये लॉइड गुडरिच याचे चरित्र प्रसिद्ध झाले व ढोंगी समाजाने छळलेला सत्यनिष्ठ कलावंत अशी त्याची प्रतिमा स्थिर झाली.

गेल्या काही दशकांत ही प्रतिमा बरीच डागाळली आहे. त्याच्या शिष्याजवळ राहिलेली कागदपत्रे १९८५ मध्ये पेनसिल्व्हेनिया ॲकॅडमीस मिळाली. मॉडेलशी व विद्यार्थिनींशी असलेल्या त्याच्या वर्तनाविषयीच्या तक्रारी, तसेच १८९७ मध्ये भाचीने आत्महत्या केल्यावर आप्तांनी केलेले आरोप यांवर त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. सर्वच आरोप सिद्ध झालेले नाहीत. पण १८८६ चा प्रसंग हा केवळ सोवळेपणाविरुद्धचा लढा होता, असे आता म्हणता येत नाही. २००१-०२ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या तपासणीत त्याच्या १८८० च्या सुमाराच्या काही चित्रांत छायाचित्रे कॅनव्हासवर प्रक्षेपित करून त्यांवरून खुणा घेतल्याचे आढळले. कुंचल्याच्या थराखाली त्याने या खुणा काळजीपूर्वक लपविल्या होत्या. यथादर्शनाचा हा आचार्य या गोष्टीबद्दल मूक राहिला, हे त्याच्या सत्यनिष्ठेच्या आख्यायिकेत सहज बसत नाही. चित्रांचे मूल्य यामुळे उणावत नसले, तरी त्याचा माणूस म्हणून विचार अधिक सावधपणे करावा लागतो.

२००६ मध्ये द ग्रॉस क्लिनिक ६.८ कोटी डॉलरला शहराबाहेर जाण्याच्या बेतात असताना फिलाडेल्फियातील नागरिकांनी व संस्थांनी निधी उभारून ते राखले व ते पेनसिल्व्हेनिया ॲकॅडमी आणि फिलाडेल्फियाचे कलासंग्रहालय यांच्या संयुक्त मालकीचे झाले. या निधीत भर घालण्यासाठी ॲकॅडमीने त्याचे द चेलो प्लेअर (१८९६) हे चित्र विकले. ते तिने त्याच्या हयातीतच, १८९७ मध्ये, त्याच्याकडून विकत घेतले होते.