शंभर, पन्नास, पंचवीस: लिअर नेमका कुठे चुकला?

आज विषय थोडा वेगळा. लॅबमध्ये रीडिंग विचित्र आलं की आपण आधी मोजण्याची पद्धत तपासतो. त्याच सवयीने मी शेक्सपिअरचं 'किंग लिअर' वाचलं.

म्हातारा राजा राज्य वाटतो, मुली उलटतात. आपला निष्कर्ष तयार: पोरी कृतघ्न. आहेतच. पण पहिला प्रवेश नीट वाचा. कोणाचं प्रेम जास्त, असं लिअर तिघींना विचारतो आणि उत्तरावर वाटा ठरणार हेही आधीच सांगतो. उत्तराला बक्षीस लावल्यावर खरं उत्तर कसं मिळणार? गॉनरिल आणि रीगन गोड बोलून वाटा घेतात. कॉर्डेलिया मोजकं, खरं बोलते. तिला हाकलून देतात. मनासारखा आला नाही म्हणून डेटाच फेकून द्यावा, तसं!

पुढचं तर जास्तच खटकतं. लिअरजवळ शंभर शिलेदार असतात. गॉनरिल म्हणते निम्मे करा, रीगन म्हणते पंचवीसच आणा. यावर लिअरचा हिशोब काय? पन्नास म्हणजे पंचवीसची दुप्पट, म्हणून गॉनरिलचं प्रेम दुप्पट! एवढं सोसूनही पद्धत तीच. आधी शब्द मोजले, आता शिलेदार. त्याचं आंधळेपण वयामुळे आलेलं नाही. आपली मोजपट्टी चुकीची असेल, ही शंकाच त्याला येत नाही.

आता आपलं 'नटसम्राट'. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागू अप्पासाहेब बेलवलकर झाले. अप्पा परीक्षा घेत नाहीत, विश्वासाने सगळं मुलांना देऊन टाकतात. आणि इथे कॉर्डेलिया नाही. म्हणजे अप्पांच्या हातून कुणा खऱ्या माणसावर लिअरसारखा अन्याय होतच नाही. त्यामुळे आपण अप्पांसाठी रडतो आणि सगळा दोष मुलांवर टाकून घरी येतो. नाटक मोठंच आहे, पण माझ्या मते बापाला ते जरा सोपं सोडतं. लिअरची चूक इथे मुलगी करते: पैसे हरवताच नलिनी पुराव्याशिवाय बापावरच संशय घेते.

२०२० मध्ये आपल्या लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून आई-वडिलांना द्यायचं ठरवलं. गरजेचंच होतं, औषधपाणी तरी भागतं. पण जिव्हाळा किती, हे त्या आकड्यावरून कळणार नाही.

हे लिहायचं कारण घरातलंच आहे. मागच्या दिवाळीत आजोबांनी शेताच्या वाटणीचा विषय काढला. काही जण भरभरून बोलले, माझे वडील गप्प बसले. आजोबा चिडले. मीही वडिलांनाच म्हणालो, "दोन शब्द बोलायला काय जातं?" आजोबांना रोज रात्री बीपीची गोळी कोण देतं, हे मला माहीत होतं. तरी मी शब्दच मोजले.

तुम्हीही उद्या प्रश्नावली कराल, मुलाखती घ्याल. उत्तर देणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे, हे आधी तपासा. इंग्रजी जड गेलं तर विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' घ्या आणि हे दोन प्रवेश एका बैठकीत वाचा.