भोंग्यावरचं वाक्य आणि फलकावरचं

कॉपीरायटिंग शिकवणाऱ्या कोर्सांच्या जाहिराती आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांच्या मोबाइलवरही येऊन आदळतात. मथळा कसा द्यावा, गिऱ्हाइकाला बटण दाबायला कसं लावावं, वगैरे. ज्याला हे काम खरंच शिकायचंय, त्याने फी भरण्याआधी दिवाळीनंतर एकदा वडशाला जाऊन यावं. देसाईगंज-वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. इथल्या मंडळांची नाटकं भाऊबिजेपासून होळीपर्यंत गावोगाव लागतात, आणि प्रत्येक प्रयोग विकावा लागतो.

तो विकतो भोंगा लावलेला ऑटो. चालत्या गाडीवरचं वाक्य अंगणात धान पाखडणाऱ्या बाईच्या कानावर पडून पडून किती पडणार? पोटवाक्य सुरू होईपर्यंत ऑटो चार घरं पुढे गेलेला असतो. म्हणून गाव, तारीख, नाटकाचं नाव, आणि पुन्हा गाव. नायिकेच्या संसारावर काय बेतलंय ते एका प्रश्नात सांगायचं, उत्तर मंडपासाठी राखून ठेवायचं. मंडईच्या जत्रेला किंवा शंकरपटाच्या बैलशर्यतीला घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, नाटक रात्रभर चालतं. त्यामुळे ही जाहिरात एका प्रेक्षकाला नसते, पाहुण्यांसकट अख्ख्या घराला असते. चांगला भोंगेवाला हे ओळखून बोलतो. डेव्हिड ओगिल्वी जाहिरातीत नाव काढण्याआधी दारोदार फिरून शेगड्या विकायचा. विक्रेत्यांसाठी त्याने 1935 साली लिहिलेली पुस्तिका अजून नावाजली जाते. दारात उभं राहून तयार होणारा हा कान टेबलाशी बसून येत नाही.

छापील पत्रकांबद्दल मात्र माझं मत इतकं बरं नाही. ‘हृदयस्पर्शी’, ‘धमाकेदार’, ‘काळजाला हात घालणारं’ ही विशेषणं घासून गुळगुळीत झाली आहेत. नावं झाकून दहा पत्रकं समोर ठेवली, तर कुठलं कुठल्या नाटकाचं हे लेखकालाही ओळखता येऊ नये. फ्लेक्स आला, नटांचे फोटो वाढले, मजकूर आटला. 2023 साली पद्मश्री मिळालेल्या परशुराम खुणे यांच्यासारखं नाव असलं की दुसरं काही लिहायची गरजच नसते. नवख्या नटाच्या नाटकाचं काय?

तिकडे ताडोबाला एकाच वाघावर दोन प्रकारचा मजकूर लिहिला जातो. रिसॉर्टांचा बहुतेक इंग्रजीत, नागपूर-मुंबईच्या पाहुण्यासाठी. त्यात वाघ राजबिंडा. जंगलाला लागून राहणाऱ्यांसाठी फलक: वन्यप्राण्यांपासून सावध राहा. सावध राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? उन्हाळ्याच्या तोंडावर भल्या पहाटे मोहफुलं वेचणारी बाई खाली वाकलेली असते, लक्ष जमिनीवर. धोका तिथेच आहे. तिच्यासाठी लिहायचं तर असं लिहावं: ‘मोहाला एकटी जाऊ नको, बाई. चांगलं उजाडू दे. तिघी वेचा, चौथीने उभं राहून नजर ठेवा.’ असं लिहायला प्रतिभा लागत नाही, पहाटे एकदा तिच्यासोबत जावं लागतं. पण वरिष्ठांच्या सहीसाठी फिरलेला मजकूर परत येतो तो ‘दक्षता घेण्यात यावी’ होऊन.

चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली सगळ्यांत पक्की ओळ कुठल्याच एजन्सीने लिहिलेली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ही घोषणा: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ पहिल्या अर्ध्यात सरकारला आपलं म्हणून टाकलं, त्यामुळे समोरचा साहेब बिथरत नाही. तोवर दुसऱ्या अर्ध्यात हक्क सांगून गाव मोकळं. 2009 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हे काही घोषणेने झालं नाही. मागे ग्रामसभा होत्या, अभ्यासगट होते, एकमताने निर्णय घेण्याचा हट्ट होता. पाठीशी माल असलेली कॉपी आणि नुसती कॉपी यांतला फरक कोर्सात क्वचितच शिकवतात.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. नाटकाचं पत्रक लिहिणं हा वडशात वेगळा धंदा नाही. लेखक, निर्माता, नाहीतर छापखान्यातला माणूस, ज्याला जमेल तो लिहितो. पत्रकावर नटांसोबत ऑर्गनवाल्याचं नाव असतं, तबलजीचं असतं. मजकूर लिहिणाऱ्याचं नसतं. पुण्या-मुंबईच्या एजन्सीतही ते जाहिरातीवर छापत नाहीत म्हणा, पण तिथे महिन्याच्या महिन्याला पगार होतो.