शिवराईवरील दोष : टांकसाळीचे कीं मागाहूनचे ?

शिवराईचें एखादें नाणें ‘अपूर्व’ म्हणून पुढें येतें, तेव्हां त्यावरील दोष टांकसाळींतला कीं मागाहूनचा, हें आधीं ठरविलें पाहिजे. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असतात. ठसा चकतीहून मोठा असल्यास कडेचीं अक्षरें उमटतच नाहींत. ही झीज नव्हे. आधींचें नाणें ठशास चिकटून राहिल्यास पुढील चकतीवर उलटी, खोलगट छाप उमटते. मात्र दुसरी बाजू स्वच्छ असते. दोन नाणीं मागाहून एकमेकांवर ठोकल्यासही उलटी छाप मिळते, पण मागील बाजू चेपते. छिन्नीचा घाव अक्षरांस छेदून जातो व त्याच्या कांठीं धातु वर येतो.

‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ हे भेद ठशांतीलच आहेत; म्हणूनच मोह पडतो. आम्हींही एकदां झिजलेल्या वेलांटीस नवा पाठ मानिला होता. त्याच ठशाचें दुसरें नाणें हातीं येतांच तो मागें घ्यावा लागला. पोथींतील कसरीच्या भोंकास कोणी पाठभेद म्हणत नाहीं; मग नाण्यावरील घावासच तो मान कां द्यावा ?