लढाई दिसते, शत्रू दिसत नाही

२०२५ हे साल पुराणांच्या अॅनिमेशनसाठी गजबजलेलं गेलं. युगो साको आणि राम मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उभा केलेला ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा हाताने रेखाटलेला जपानी-भारतीय चित्रपट जानेवारीत चित्रपटगृहांत पुन्हा लागला. जुलैत अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ आला आणि त्याने गल्ल्याचे सगळे अंदाज खोटे ठरवले. ऑक्टोबरात ‘महाभारत: एक धर्मयुद्ध’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली मालिका सुरू झाली. राजवाड्यात हल्लीच्या शोरूममधलं वाटावं असं फर्निचर दिसल्यामुळे प्रेक्षकांनी तिची लगेच थट्टाही केली.

फर्निचरचं काय, ते दुरुस्त होईल. खरी उणीव दुसरीकडे आहे. साकोंच्या चित्रपटातला राम निदान युद्धाच्या किमतीने व्यथित होतो. ‘महावतार नरसिंह’मध्ये हिरण्यकशिपूच्या क्रोधामागे भावाचा मृत्यू आहे, पण ते दुःख नीट टेकायच्या आत पीळदार बाहू आणि कोसळणारे खांब पडदा व्यापून टाकतात. शेवटची झुंज डोळे दिपवते, यात वाद नाही. पण मरणारा कोण होता, हे प्रेक्षकाला जेमतेमच कळतं.

महाराष्ट्रातली चित्रं सांगण्याची जुनी परंपरा इथे वेगळी वागत आली. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथ्यांचा उल्लेख येतो. याच परंपरेतली पैठणची चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, चेहरे एका बाजूने दाखवलेले, त्यांत मोठा थोरला डोळा आणि भडक लाल-पिवळे रंग. रणांगणावर बाणांची जाळी असते, पण दोन्हीकडचे वीर सारख्याच मापाचे, सारख्याच दिमाखाचे. डोळा रामाचाही तेवढाच आणि राक्षसाचाही. बभ्रुवाहनासारखं आख्यान तर मुलाच्या हातून बाप पडण्याचं. तिथे शत्रू म्हणून बोट दाखवायचं कुणाकडे? मराठी श्रोत्याला हे नवं नव्हतं. श्रीधराच्या ‘रामविजया’मुळे इंद्रजिताच्या सुलोचनेचा शोक घरोघरी पोचला होता, म्हणजे पराभूत पक्षाच्या विधवेसाठी रामभक्तांनीच डोळे पुसले होते.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने हीच कला सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने जपली. चित्रांची पोथी मांडायची, वीणा, टाळ, हुडुक धरायचा आणि एकेक चित्र पुढे करत कथा लावायची. चित्र जागचं हलत नाही. हलतो तो आवाज. सांगणारा हवं तिथे थांबतो, एखादी रड लांबवतो. मणी कौल यांनी १९७७मध्ये ‘चित्रकथी’ हा माहितीपट केला, आणि २०२१मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला हे बरंच, पण त्याने पिंगुळीचं कथन अॅनिमेशनच्या स्टुडिओत पोचलं नाही.

मधल्या काळात छापखाना आला. पुण्याची चित्रशाळा, मग रविवर्म्याचा लिथोग्राफिक प्रेस; देव चौकटीत स्थिर बसले आणि भिंतीवर गेले. १९६७मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांची रेषा अप्रतिम होती, हे मान्य करूनच एक तक्रार नोंदवायला हवी: नायक उजळ आणि नितळ, राक्षस काळा किंवा हिरवट, सुळे बाहेर. अनेक अभ्यासकांनी हा आक्षेप घेतला आहे. मुलांच्या डोळ्यांत तीच ओळख बसली आणि पुढे ‘हनुमान’ (२००५), ‘बाल गणेश’ (२००७) यांनी ती फारशी न तपासता उचलली.

अपवाद आहेत. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांचा ‘मुकंद अँड रियाझ’ हा फाळणीवरचा लघुपट कापडाच्या ठिगळांतून दोन मित्रांची ताटातूट सांगतो. त्यात एकही लढाई नाही, आणि तरी काय तुटलं ते समजतं.

शत्रूला न विसरणाऱ्या कथा गावांतही आहेत. बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशला भालचंद्र गणपतीचं जुनं देऊळ आहे. गणपतीने इथे लिंबासुराला मारलं, शाप मिळालेल्या चंद्राने इथेच तप केलं, असं सांगतात. दैत्याचं नाव गावाने देवाच्या आधी लावलंय आणि त्याचं तिथे कुणाला नवल नाही. अशी स्थळपुराणं मराठवाड्यात गावोगाव सापडतील. पडद्यावर मात्र तेच चार देव फिरून येतात. कारण सरळ आहे: अॅनिमेशन महाग, खर्च भरून यायला देशभरचा बाजार लागतो, म्हणून गणपती हिंदीत बोलतो. ऊसतोडीच्या हंगामात आई-बापाबरोबर फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायला गेलेल्या बीडच्या पोरांना मोबाइलवर भेटतो तो हाच गणपती.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा खर्च खाली आला, तर कधी तरी लिंबासुराचाही नंबर लागेल. तो कसा दिसेल, हे यंत्राला शिकवलेल्या चित्रांवर ठरणार. त्यांत पैठणचे मोठ्या डोळ्यांचे वीर किती आणि हिरव्या कातडीचे राक्षस किती, याचा हिशेब आज तरी निर्मात्यांकडे कुणी मागत नाही.